पुढे गेलेली पिशवी

अंदमानचं विमान बुधवारी होतं आणि बन्सीधररावांना बुधवार चालत नव्हता. खरं तर त्यांना विमानच चालत नव्हतं, पण बत्तीस वर्षं ग्रामसेवकी केलेला माणूस असं तोंडाने थोडंच बोलतो? तो पंचांग काढतो. वालूरच्या घरी ओसरीवर बसून त्यांनी पंचांग काढलं, भटजींना फोन लावला आणि लेकीला सांगितलं की बुधवार अगदीच वाईट आहे, सोमवार मात्र सोन्यासारखा आहे. तर विमान सोमवारी नेता येतं का ते विचार.

लेक प्रियांका पुण्याला नोकरीला. आईला समुद्र दाखवायचा म्हणून तिने मोठ्या मिनतवारीने आठ दिवसांची रजा मिळवली होती. बुधवारी संध्याकाळी संभाजीनगरहून हैदराबाद, गुरुवारी सकाळी वेगळ्या तिकिटावर दुसऱ्या विमानाने पोर्ट ब्लेअर आणि तिथून बोटीने बेटावर, असा बेत होता. कस्तुराबाईंनी साठाव्या वर्षापर्यंत समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. "पुढच्या साली जाऊ" हे नवऱ्याचं वाक्य त्यांनी चाळीस वर्षं ऐकलं होतं. यंदा त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही. दोन नव्या साड्या घेतल्या आणि लाडू वळायला बसल्या.

विमान काही सोमवारी येईना. तेव्हा तोड निघाली ती जुनीच: प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी आपली एखादी पिशवी वाटेवरच्या माणसाच्या घरी नेऊन ठेवली की प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. माणसं मागून सवडीने निघाली तरी चालतं. अट एकच, ठेवलेलं प्रस्थान माघारी आणायचं नाही. पिशवीत अशी वस्तू हवी की जिच्यावाचून पाऊल पुढे पडणार नाही, असं भटजी म्हणाले. बन्सीधररावांनी टॉवेल, सुपारी आणि हळकुंडाबरोबर नवराबायकोची आधार कार्डं पिशवीत घातली आणि सोमवारी ती देवगाव फाट्यावर कस्तुराबाईंच्या धाकट्या भावाकडे, सूर्यभानकडे, देऊन आले. सूर्यभानचं फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. माणूस मोठा कामाचा. सांगितलेलं काम तो करायचाच, न सांगितलेलंही करून ठेवायचा.

बुधवारी अकराच्या सुमाराला आईवडील आणि त्यांना न्यायला आलेली प्रियांका अशा तिघांची जीप फाट्यावर थांबली. सूर्यभानने आधी सगळ्यांना चहा पाजला. पिशवीचं नाव निघताच त्याचा चेहरा खुलला.

"दाजी, तिची फिकीर करू नका. म्या ती बराबर दिशेला धाडून दिली."

"धाडली म्हंजी? कुठं धाडली?"

सूर्यभानने गल्ल्याखालून भारताचा नकाशा काढून टेबलावर पसरला. "हे बगा. अंदमान हाय हिकडं, आग्नेयेला. आन तुमी पिशवी ठेवली मावळतीला. आसं उलट्या तोंडाचं प्रस्थान आसतंय व्हय? म्या म्हणलं, दाजी लय गडबडीत दिसायलेत, आपणच निस्तरावं. काल परभणीच्या गाडीनं आमच्या व्याह्याकडं दिली लावून."

"आरं, पर विमान संभाजीनगरला हाय की."

"इमान कुठंबी आसू द्या. जायचं कुठं हाय?"

इथे शास्त्र सूर्यभानच्या बाजूला होतं. प्रियांकाचं आधार कार्ड तिच्या फोनमध्ये होतं. आईवडिलांचंही तसंच उतरवून घेऊ म्हणून तिने खटपट केली, तर ओटीपीचा सरकारी आकडा जाणार तो त्या कार्डांना जोडलेल्या नंबरावर, आणि तो नंबर बन्सीधररावांनी तीन वर्षांपूर्वीच बंद करून टाकलेला. मग परभणीच्या व्याह्यांना, दत्तरावांना, फोन लावला. पिशवी एखाद्या गाडीने ताबडतोब फाट्यावर पाठवा, असं तिने काकुळतीने सांगितलं. दत्तराव शांतपणे म्हणाले की पोरी, तुझं वय लहान आहे. दारी आलेलं प्रस्थान माघारी धाडायचं पाप मी करणार नाही. वर, जेवायलाच या, असंही म्हणाले.

प्रियांकाने हिशेब केला. परभणीला जाऊन परत संभाजीनगर गाठेपर्यंत विमान उडालेलं असणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बन्सीधरराव मात्र एकदम हलके दिसू लागले. त्यांनी दुसरा चहा मागवला.

"इलाज न्हाई," ते म्हणाले. "शास्त्रापुढं आपलं काय चालतंय? पुढच्या साली जाऊ."

कस्तुराबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. त्यांनी कप खाली ठेवला.

"आवो, प्रस्थान माघारी आणत न्हाईत ना?"

"न्हाई आणत."

"मंग माणसं तरी माघारी कशी जातेल? प्रवास तर सोमवारीच निघालाय आपला. पिशवी जिथं हाय तिथं चला. परभणीहून हैदराबादला रेल्वे जाती, उद्याचं इमान तिथूनच हाय."

स्वतःच्याच शास्त्रात माणूस असा अडकला की त्याला हलता येत नाही. बन्सीधररावांनी सूर्यभानकडे मदतीसाठी पाहिलं. सूर्यभानने आनंदाने जीपचं दार उघडून धरलं.

परभणीला दत्तरावांनी पिशवी देवघरात ठेवली होती आणि तिला हळदकुंकूही वाहिलं होतं. जेवल्याशिवाय त्यांनी ती दिली नाही. पुढे रेल्वेच्या जनरल डब्यात जागा मिळाली ती दोघांची, त्यातली एक पिशवीला द्यावी असं बन्सीधररावांचं मत होतं. सकाळी तिघं अंग आंबवून हैदराबादच्या विमानतळावर पोचले तेव्हा विमानाला अडीच तास होते. प्रियांकाचा जीव भांड्यात पडला.

दारावरच्या जवानाने ओळखपत्रं मागितली. बन्सीधररावांनी पिशवी उघडली. टॉवेल निघाला, सुपारी निघाली, हळकुंड निघालं. कार्डं निघाली नाहीत. त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. प्रियांका मटकन सामानावर बसली.

"आपल्या नशिबातच न्हाई तर..." असं बन्सीधरराव म्हणाले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. तो दुःखाचा मुळीच नव्हता. तेवढ्यात कस्तुराबाईंनी कमरेचा बटवा सोडून दोन्ही कार्डं जवानाच्या हातावर ठेवली.

"ही तुझ्यापाशी कवा आली?"

"सोमवारी. तुमी पिशवी घिऊन निघायच्या आदीच काढून घेतली. सूर्यभान माझा भाऊ हाय, वळखते मी त्याला."

"आन फाट्यावर का बोलली न्हाईस? तिथलं विमान गेलं की आपलं."

"बोलले आसते तर तुमी म्हणला आसता, कार्डं हायती पर प्रस्थान न्हाई, चला घरी. तुमी इमानाला भेता, हे मला ठावं न्हाई व्हय? माझ्यासाठी तुमी फाट्याच्या पुढं आला नसता. पिशवीच्या मागं मात्र हैदराबादपतोर आलात."

जवान खाली मान घालून हसला. बन्सीधररावांनी टॉवेल, सुपारी, हळकुंड पुन्हा पिशवीत भरलं आणि ते आत गेले. विमानात त्यांनी पिशवी पोटाशी धरून डोळे मिटले ते चाकं जमिनीला टेकल्यावरच उघडले. बोटीवर त्यांनी ते पुन्हा मिटले, पण थोड्या वेळाने हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग दोन तास कठड्यापासून हलले नाहीत.

बेटावर उतरून ते वाळूत आले तोच सूर्यभानचा फोन वाजला. माणसांची चौकशी नंतर; आधी विचारलं, "दाजी, पिशवी पोचली का?"

"पोचली बाबा. मीबी पोचलो तिच्या मागून."

"आन आक्का?"

बन्सीधररावांनी वळून पाहिलं. कस्तुराबाई नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या होत्या. लाट आली की हसत होत्या, गेली की पुढचीची वाट पाहत होत्या. प्रियांका हाका मारून थकली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. हिला आपण चाळीस वर्षं पुढच्या सालावर ढकललं, याची बन्सीधररावांना मनापासून लाज वाटली.

"तुझ्या आक्काला आता माघारी आणता येत न्हाई," ते फोनमध्ये म्हणाले. "ठेव. मीबी चाललोय पुढं."

त्यांनी पिशवी प्रियांकाच्या हातात दिली, चपला वाळूत सोडल्या आणि विजार वर दुमडत पाण्यात शिरले.