ओढ्याची पोच

एक ओढा दरवर्षी विनापरवाना वाहनतळात शिरतो, अशी एका इमारतीची तक्रार आमच्या कार्यालयात दाखल झाली. साहेबांनी कागदपत्रं तपासली. इमारतीकडे बांधकामाची परवानगी होती, ओढ्याकडे वाहण्याची नव्हती. सबब ओढ्याला पंधरा दिवसांची नोटीस निघाली.

ती बजावणारा शिपाई मी. तीस वर्षांत पोच घेतल्याशिवाय परतलेलो नाही. शिवाय त्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझी मुलगी तान्ह्या बाळासह राहते. गेल्या वर्षी तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. नाला उपसल्याशिवाय यंदाही तेच होणार, पण पोच मिळाल्याशिवाय फाईल हलत नाही आणि फाईल हलल्याशिवाय फावडं.

"साहेब, ओढा सही कशी करणार?"

"इसम सापडत नसेल तर शेवटच्या ज्ञात पत्त्यावर चिकटवा. पाच पंचांच्या सह्या घ्या. छापील नमुना आहे."

जुन्या नकाशात पत्ता पाहिला. ओढा मुलीच्या स्वयंपाकघरातून वाहत होता.

तिच्याच दाराला नोटीस चिकटवली. नमुन्यात छापलं होतं, "सदर इसम येथे राहत नाही. आम्ही त्यास ओळखत नाही." इमारतीचे अध्यक्ष खूश झाले. ओढा इथला नाही असं सरकारी कागदावर आलं, म्हणजे घरांना भाव येणार. चौघांनी भिंतीला कागद टेकवून सह्या ठोकल्या.

मुलीने मात्र वाचलं. "बाबा, दरवर्षी घरात येतो तो. आणि मी ओळखत नाही म्हणू?"

"अगं, नुसता नमुना आहे. कर सही, नाला साफ होईल."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

आठवड्यात फाईल हलली. ओढा सदर ठिकाणी राहत नसल्याने नाल्याची सफाई रद्द झाली. पंप आणि बोट गरजू भागाकडे वळवली गेली.

पंधराव्या दिवशी, मुदत संपायच्या आत, ओढा जातीने हजर झाला.

मुलीचा फोन येताच मी आपत्ती कक्षाला फोन लावला. "मुलीच्या गळ्यापर्यंत पाणी आलंय! बोट पाठवा!"

"तिथे पाणी नाही, काका. पाच पंचांनी लिहून दिलंय. बजावणाऱ्याची सहीसुद्धा आहे."

ती माझी सही होती. माझं अक्षर चांगलं आहे, लगेच वाचता येतं.

मी पोहोचेपर्यंत मुलगी बाळाला डोक्यावर धरून जिन्यापर्यंत आली होती. मी रडलो.

चार दिवसांनी पाणी ओसरलं. दारावरच्या नोटिशीवर चिखलाची आडवी रेघ उमटली होती. साहेबांनी ती निरखून पाहिली. "हीच पोच," ते म्हणाले, आणि शेरा मारला, "नोटिशीअन्वये अतिक्रमण स्वतःहून हटले. प्रकरण निकाली."

या यशामुळे आता शहरभरातून मागणी आहे. जुन्या नकाशात ओढा दिसेल त्या प्रत्येक इमारतीत मला जायचंय. तुमच्याकडेही येईन. मुलगी आता माझ्याशी एकच वाक्य बोलते, "बाबा, लोकांना आधी वाचायला सांगा."

मी सांगतो. कालपर्यंत दोनशे घरं झाली. सगळे दार अर्धवट उघडून एवढंच विचारतात, "कुठे करू सही?"