मनोधैर्याची एकेचाळीस पत्रं

देशाची सीमा जवान राखतो आणि जवानाचं मनोधैर्य त्याचे शेजारी राखतात. हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं ओघानंच येतं: अध्यक्ष येतो, सचिव येतो, शिक्का येतो.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका कॉलनीत हे तिन्ही एकाच संध्याकाळी आले, आणि त्याला कारण झाली रूपाली. रूपाली एम.एस्सी. झालेली, सव्वादोन वर्षांच्या मुलीची आई, लेकराला ताप नसतानाही थर्मामीटर झटकून ठेवणारी. तिचा धाकटा भाऊ शुभम दोन वर्षं तिच्याकडे राहून, रोज पहाटे मैदानावर धावून धावून सैन्यात भरती झाला होता. कॉलनीनं चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला (एकूण फोटो अकरा, शुभमचा खालून दुसरा). प्रशिक्षण केंद्रात पहिले तीन महिने फोन जमा, म्हणून त्याचं पत्र आलं. चारच वाक्यं होती.

"ताई, मले इथं करमून नाही राहिलं. पायाले फोड आले. बाबाच्या डोयाचं काय झालं? अन् मी सोडून आलो तं चालन का?"

रूपाली घाबरली आणि पत्र घेऊन केशवरावांकडे गेली. केशवराव म्हणजे तहसिलीतले निवृत्त अव्वल कारकून. त्यांनी पत्र उलटसुलट पाहिलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि फ्लेक्स उतरायच्या आत मुलगा परत येणं कॉलनीला शोभणार नाही, असं मत नोंदवलं. त्याच संध्याकाळी 'रंगरूट मनोधैर्य संवर्धन पत्रलेखन समिती' स्थापन झाली. सदस्य अकरा: फ्लेक्सवरचे दहा आणि शुभमच्या जागी रूपाली.

समितीनं पत्राच्या आधी नियम लिहिले, हे तिच्या दूरदृष्टीचं लक्षण मानलं पाहिजे.

एक. पत्रात कोणाचंही आजारपण येऊ नये. (बरं झालेलं आजारपण चालेल, असा अपवाद आधी होता. पण बरं झालं म्हटल्यावर आधी काहीतरी झालं होतं हे उघड होतं, म्हणून अपवाद रद्द.)

दोन. खाद्यपदार्थांचा उल्लेख नको. 'जेवणे झाली' एवढं चालेल. कशाशी झाली, ते नको. रोडगे, वांग्याची भाजी आणि कचोरी हे शब्द विशेष संवेदनशील.

तीन. घरातली भांडणं, उन्हाळा आणि वर्गातल्या मुलींची लग्नं वर्ज्य.

चार. रंगरुटाला 'कसा आहेस' असं विचारू नये. विचारलं की तो सांगतो.

अकरापैकी नऊ सदस्यांनी जन्मात अर्जाखेरीज काही लिहिलं नव्हतं. त्यामुळे पत्रांना आपोआप शिस्त आली. "विषय: मजेत असणेबाबत. संदर्भ: आपले विनादिनांकित पत्र. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आम्ही सर्व मजेत आहोत. तरी आपण काळजी करू नये, ही विनंती." खाली सही आणि गोल शिक्का. हा शिक्का जैनुद्दीनभाईंनी करून दिला होता. त्यांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. पोस्टातून आणलेली निळी आंतरदेशीय पत्रं त्यांच्याकडे मिळत, म्हणून ते फ्लेक्सवर होते आणि म्हणून समितीवर.

रूपालीनं मात्र पहिल्याच आठवड्यात तीन पानं लिहिली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला नीट झालं. त्यांना काळा चष्मा दिला, तो ते जेवतानाही काढत नाहीत, म्हणून आईनं चार दिवस अबोला धरला. आणि लेक हल्ली गणवेशातला कोणीही माणूस दिसला, अगदी एटीएमचा वॉचमन दिसला तरी 'मामा' म्हणून हात करते. पत्र छाननीला गेलं. ऑपरेशन नियम एकनुसार गेलं, चष्मा ऑपरेशनच्या मागोमाग गेला, अबोला नियम तीनमध्ये गेला. 'मामा' वाचून रंगरुटाच्या डोळ्यांत पाणी येण्याचा संभव होता. व्हाईटनर वाळल्यावर 'चि. शुभम' आणि 'मजेत' एवढं उरलं. रूपालीनं हरकत घेतली नाही. आपल्या एखाद्या शब्दानं पोरगं सगळं सोडून निघून येईल, ही धास्ती सगळ्यात जास्त तिलाच होती.

सहा आठवड्यांचा अहवाल समाधानकारक होता. एकूण पत्रं एकेचाळीस. 'मजेत' हा शब्द शहाण्णव वेळा. शुभमनं विचारलेले प्रश्न दोन; उत्तरं शून्य (प्रकरण विचाराधीन).

मग शुभमचं दुसरं पत्र आलं.

"ताई, खरं सांग, कोण गेलं? सगळे मजेत, सगळे मजेत. आपल्या घरी एकाच वक्ती सगळे मजेत कधी होते? बाबाले तं मी जन्मात मजेत पाह्यलं नाही. मी त्याच्या डोयाचं इचारलं, त्याचं कोणीच नाव घेऊन नाही राहिलं. बाबा गेले का? बंदुकीचा माया नेम लागत नाही. शिकवणारे उस्ताद म्हणते, मन कुठं आहे तुझं. पंधरा दिवसांत खरं नाही समजलं तं मी निघून येतो."

रूपालीच्या घरी तातडीची सभा भरली. पत्रातली तळमळ ही आपल्याच कामाची पावती आहे, यावर सदस्यांचं एकमत झालं. मात्रा कमी पडते आहे, असं निदान करून केशवरावांनी ठराव मांडला की, बेचाळिसाव्या पत्रात 'मजेत'च्या आधी 'अत्यंत' हा शब्द घालावा.

"केशवरावजी," जैनुद्दीनभाई म्हणाले, "आत्ता त्याले एक मय्यत वाटून राहिली. 'अत्यंत' लिहाल तं दोन समजन."

हे इतिवृत्तात घेण्यात आलं नाही.

रूपालीचं लक्ष तेव्हा भलतीकडेच होतं. तिची लेक सभा सुरू झाल्यापासून रडत होती, तोवर रूपाली निवांत बसली होती. रडणं थांबलं तशी ती उठून आत धावली. पोरगी कपाटामागं बसून व्हाईटनरचं झाकण चावत होती. तोंडात बोट घालून ते काढता काढता रूपालीला आठवलं की, हे तर आपल्याला सव्वादोन वर्षांपासून ठाऊक आहे. रडतं ते लेकरू बरं असतं. आवाज बंद झाला की धावायचं असतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन तिनं बाळापूरची एसटी धरली. तिचे वडील नत्थुजी झेंडूच्या वाफ्यात काळा चष्मा लावून बसले होते आणि बायकोशी भांडत होते. शुभमनं काय विचारलंय ते तिनं दोन्ही पत्रं वाचून सांगितलं. नत्थुजींनी भांडण तिथंच थांबवलं. मग म्हणाले, "लिही." तिनं एक शब्द न बदलता लिहिलं.

"शुभ्या, मी मेलो नाही. डोयाचं आपरेशन झालं. डॉक्टरनं काया चष्मा देला, तुयी माय म्हणते चोरावानी दिसता. चष्म्यातून झेंडू कायाच दिसते, म्हणून कच्चे तोडले, बाजारात इज्जत गेली. सायकल तुया मावसभावानं नेली, चेन तोडून आणली. माय रोज तुया वाटची भाकर करते अन् मंग मले खा म्हणते. माह्यं पोट बिघडलं. तू सोडून येतो म्हणतं तं ये. घर तुयंच आहे, कोणी काही म्हणनार नाही, म्हटलं तं मी पाहून घेईन. पन तिथं पाचले उठवते ना? इथं फुलं तोडाले चारले उठा लागते. पाह्य मंग तू."

पत्रावर शिक्का नव्हता. विषय नव्हता. चारपैकी तीन नियम मोडलेले होते आणि नियमात न बसणाऱ्या आणखी सहा-सात गोष्टी त्यात होत्या. रूपालीनं ते स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं आणि अकरा दिवस थर्मामीटर झटकत बसली.

बाराव्या दिवशी उत्तर आलं.

"बाबाचं पत्र पोचलं. लय रडलो. मंग जेवलो. नेम लागून राहिला. बाबाले म्हणा, चारापेक्षा पाच बरे. राहतो इथंच. फोड बरे झाले, आता नवीन आले."

प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर समितीचा जाहीर सत्कार झाला. अहवालात यशाचं प्रमाण शंभर टक्के दाखवलं आहे (रंगरूट एक, टिकलेले एक). नत्थुजींच्या पत्राचा त्यात उल्लेख नाही, कारण त्याला जावक क्रमांक नव्हता. रूपालीनं शाल घेतली आणि घरी येऊन लेकीला तिच्यात गुंडाळलं.

एवढ्या यशानंतर समितीनं कार्यक्षेत्र वाढवलं नसतं तरच नवल. सैन्याची अट काढून टाकली. शिकायला, नोकरीला, संसाराला घर सोडून लांब गेलेल्या सगळ्यांसाठी आता छापील नमुने तयार आहेत. पत्राचा एक, मेसेजचा दोन, आणि फोनवर वाचून दाखवायचा तीन. शेवटचा मोठ्या अक्षरांत, कारण वाचणाऱ्यांचे डोळे बहुधा ऑपरेशनला आलेले असतात. जैनुद्दीनभाईंकडे सर्वांत जास्त हाच खपतो. गावोगावचे आईबाप येऊन घेऊन जातात.

तुमच्या आईनं परवा फोनवर 'इकडे सगळं मजेत आहे, तू काळजी करू नकोस' म्हटलं आणि तुम्ही निश्चिंत होऊन फोन ठेवलात ना, तो नमुना क्रमांक तीनच होता.