डाव्या बुटाचा पहारा

तिसरी नळी दातांच्या डॉक्टरांनी नेली. पेट्रोलचे पैसे दिले, काच वर केली आणि पंपाची नळी टाकीत तशीच ठेवून ते थेट दवाखान्यात पोहोचले. दारात उभ्या असलेल्या पेशंटने सुजलेला गाल सांभाळत "डॉक्टर, तुमच्या गाडीला शेपूट फुटलंय," असं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं.

ओढ बसली की ही नळी मधल्या जोडातून सुटते आणि पेट्रोल जागच्या जागी थांबतं, म्हणून आगबिग काही लागली नाही. आग लागली ती मालकांच्या मस्तकात. "एका महिन्यात तीन?" ते फोनवर कडाडले. "मॅनेजर, चौथी नळी गेली तर तिच्याबरोबर तुम्हीही बाहेर. समजलं?"

मॅनेजरना समजलं. एकोणीस वर्षं त्यांनी या एकाच पंपावर काढली होती. दुसरं कुठलंही काम त्यांना येत नव्हतं, आणि या वयात शिकवणारं कोणी भेटेल अशी आशाही नव्हती. ते मनापासून घाबरले. पण त्यांचा स्वभाव असा, की घाबरतानाही त्यांच्या डोक्यात प्रश्नच यायचे. चांगला शिकलासवरलेला माणूस एवढी लांब नळी विसरतो कसा? त्या क्षणी त्याच्या डोक्यात चाललेलं तरी काय असतं?

त्यांनी एक वही सुरू केली आणि नळी परत करायला आलेल्या डॉक्टरांनाच पहिल्यांदा गाठलं.

"डॉक्टर, रागावू नका. निघताना शेवटचं काय पाहिलंत?"

"शेवटचं?" डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "तुम्हीच की! काचेशी येऊन सलाम केलात, 'शुभ प्रवास' म्हणालात. बरं वाटलं हो. तुमची खालची दाढ तेवढी दाखवून जा एकदा."

मॅनेजरनी वहीत लिहिलं : ग्राहक समाधानी. दाढ बघणे.

ग्राहक निघाला की मॅनेजरनी जातीने पुढे होऊन सलाम ठोकायचा, हा मालकांचा नवा फतवा होता. महिनाभर मॅनेजर तो इमानेइतबारे पाळत होते. आधीच्या दोघांकडेही ते वही घेऊन गेले. गाण्याच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकं गोड हसलात, की मीही हसले आणि निघाले." निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही निरोप दिलात. निरोपानंतर थांबणं मला प्रशस्त वाटत नाही." दोन्हीकडे 'ग्राहक समाधानी' अशी नोंद झाली.

घरी ओट्यावर दूध उतू गेलं, तेव्हाही मॅनेजर वही घेऊन धावले. "अगं, नेमक्या त्या क्षणी तू काय करत होतीस?"

"तुम्ही हाक मारलीत म्हणून वळले!" बायको फडकं पिळत म्हणाली. "शोध कसले लावताय? आधी ते खालचं पुसा."

त्यांनी तेही लिहून ठेवलं, आणि मग पुसलं.

कारण सापडेना, म्हणून ते उपायाला लागले. आधी फलक लावला. तो कोणीही वाचला नाही. मग त्यांना नामी युक्ती सुचली. नळी ज्या हुकावर ठेवतात, त्याच हुकावर ग्राहकाची किल्ली अडकवायची. नळी जागेवर आली की किल्ली परत. किल्लीवाचून गाडी जाते कुठे?

दोन नंबरच्या यंत्रावर काम करणाऱ्या ताईंनी पहिल्याच तासात खोट काढली. "सर, या गाडीला किल्लीच लागत नाही. बटण दाबलं की चालू."

"मग बटण मागा."

"ते कसं निघेल, सर?"

प्रश्न रास्त होता. मॅनेजरनी मान खाली घातली. तिथे त्यांना स्वतःचे पाय दिसले. "ताई, पायात काही न घालता कोणी गाडी चालवतं का?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाचा डावा बूट हुकावर लटकू लागला. लोक आधी चिडले, मग हसले, मग एका पायावर लंगडी घालत पैसे द्यायला शिकले. दोन काळे बूट अदलाबदल होऊन गेले. त्यातला एक दुसऱ्या दिवशी पॉलिश होऊन परत आला, दुसरा अजून यायचा आहे. एका आजोबांनी नवे मोजे घालून येऊन ते सगळ्यांना दाखवले. पण आठवडाभरात एकही नळी गेली नाही. त्याच आठवड्यात मॅनेजरना सलाम ठोकायला सवड नव्हती, कारण दोन्ही हातांत बूट असायचे. हे मात्र वहीत कोणी लिहिलं नाही.

आठव्या दिवशी मालक स्वतः गाडी घेऊन आले.

"लोक म्हणतात, तुम्ही चपलांचं दुकान काढलंय."

"साहेब, नळी मात्र एकही..."

"बघतोच. मलाही गिऱ्हाईक समजा." मालकांनी डावा बूट काढून दिला. ताईंनी तो हुकावर अडकवला, नळी टाकीत घातली आणि पेट्रोल भरून होताच पावती आणायला वळल्या. मालकांनी काच खाली करून मॅनेजरकडे रोखून पाहिलं. "आणि माझा सलाम? तो बंद केलात की काय?"

मॅनेजरचे हात आज रिकामे होते. त्यांनी टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला आणि तोंडभर हसून म्हणाले, "शुभ प्रवास, साहेब!"

मालक प्रसन्न हसले, मान डोलावली आणि निघाले.

खट्ट! नळी जोडातून सुटली आणि गाडीमागे फरपटत फाटकाबाहेर गेली. हुकावर मालकांचा बूट एकटाच डुलत राहिला.

"सर," ताई हळूच म्हणाल्या, "सलाम केलात की माणूस निघतोच हो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मॅनेजरनी वही उघडली. ग्राहक समाधानी, ग्राहक समाधानी, ग्राहक समाधानी. खाली उतू गेलेलं दूध. एकोणीस वर्षांची नोकरी गेली, हे त्यांना कळत होतं, आणि तरी उत्तर सापडल्याचा आनंद काही केल्या लपत नव्हता.

पाच मिनिटांनी मालक चालत आले. एका पायात बूट, एका पायात मोजा, हातात नळी. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. तिघंही त्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत उभे राहिले.

"चौथी गेली तर कोण बाहेर, म्हणालो होतो मी?" मालकांनी विचारलं.

"नळी आणि मी, साहेब," मॅनेजर खालमानेने म्हणाले.

मालकांनी हुकावरून बूट काढला आणि तिथे नळी अडकवून पाहिली. वाकून बूट घालत, वर न पाहता ते म्हणाले, "नळी बदला."

"आणि मी?"

"तुम्ही आजपासून हात खिशात ठेवा."