फोटोतली स्वच्छता

मुलांनो, आपल्या सावेडीच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे मुळे भाऊजी ज्याच्याशी भांडतात, त्याला फोटोतून पुसून टाकतात. मोबाईलवर बोट फिरवले की माणूस गायब आणि मागची भिंत जशीच्या तशी. मग तो फोटो ग्रुपवर, खाली एकच शब्द: "स्वच्छता."

प्रजासत्ताक दिनाला पार्किंगवरून सेक्रेटरीशी वाजले. परिणामी फोटोत आपला तिरंगा कुणी दोरी न ओढताच फडकला. कोजागिरीच्या फोटोत दुधाचे पेले हवेत तरंगत होते, कारण ते धरणाऱ्या तिघींनी भाऊजींच्या कवितेच्या वेळी गप्पा मारल्या होत्या.

मी म्हटले, "भाऊजी, अशाने फोटोत तुम्ही एकटेच उराल."

"वहिनी, मग तर फोटो चांगलाच येईल."

स्वतःला मात्र ते पुसत नाहीत, वाढवतात. सत्तरीच्या माणसाला काळेभोर केस, कोरीव जबडा आणि मागे बर्फाचे डोंगर. याला ते "थोडं आवरून घेतलं" म्हणतात. असाच एक फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. बेलापूरला शेती करणाऱ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा, लगेच आवाजी निरोप आला: "दिगू, ह्यो कोन पावना हाय? आपल्या घरातला तर न्हाई दिसत!"

सगळे घर हसले. तेव्हापासून बोलणे बंद, आणि एकेका फोटोतून अण्णाही नाहीसे. दिवाळी झाली, पाडवा झाला, तरी अण्णांचा फोन नाही, ही तक्रार मात्र भाऊजी मला रोज ऐकवतात.

परवा ते लहानपणीचा एक फोटो दाखवायला आले. जत्रेतला, पुठ्ठ्याच्या विमानात बसलेला छोटा दिगू. मी चष्मा लावून पाहिले. दिगूच्या खांद्यावर एक हात होता. हाताच्या मागे कुणीच नव्हते.

"भाऊजी, हात राहिला की. तेवढा पुसून टाका." अर्धवट काम मला बघवत नाही.

"राहू द्या." त्यांनी मोबाईल परत स्वतःकडे घेतला. "विमान खरंच उडेल असं वाटलं होतं मला. लई रडलो. अण्णानं धरलं, म्हणून बसलो."

"मग करा ना त्यांना फोन."

ते फोटो मोठा करत राहिले. स्क्रीनभर तो हातच झाला.

"रोज करतो," ते म्हणाले. "रिंग जायच्या आत कापतो."