एका सोंडेची त्रेसष्ट निदानं

यंत्र चालू असतं तोवर ते मालकाचं असतं. बंद पडलं की गावाचं होतं. हा सिद्धान्त कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांची यंत्रं गावात बंद पडत नाहीत.

आता मी जे सांगणार आहे ते कोणी खरं मानणार नाही. मानू नका, माझी हरकत नाही. तीर्थपुरीला आसराबाईच्या हॉटेलात अंबडच्या गाडीची वाट बघत सहा जण बसले होते. त्यांना मी हेच सांगायला लागलो, तेव्हा त्यांचंही आधीच ठरलेलं होतं, की म्हस्कूआबा (म्हणजे मी) हा शेळी शोधायला गेला तरी उंट सापडला म्हणून सांगणारा माणूस. पण गाडी यायला अवकाश होता (गाडीची वेळ पावणेअकरा, हे आपल्याला माहीत असतं, गाडीला नसतं), आणि चहा आलेला होता. अशा वेळी माणूस खरंसुद्धा ऐकून घेतो.

तर राजानंद सर घनसावंगीच्या शाळेत शिकवतात आणि शेती त्यांची बायको बेबीनंदा बघते. शेतात मोसंबीची दोनशे दहा झाडं, सहा वर्षांची, बेबीनंदानं रोपापासून वाढवलेली. एप्रिलात विहिरीनं तळ दाखवला. पलीकडं तिच्या दिराचं शेततळं भरलेलं होतं. दीर म्हणाला, "न्या की वैनी. माझ्यानं काय ते पिऊन संपतंय?" (सख्खा दीर असं म्हणाला हे ज्याला खरं वाटत नसेल, त्याला पुढचं अजून जड जाईल.) अडचण एवढीच, की तळं आणि मोसंबी यांच्यामध्ये तिघांची शेतं आणि चारशे फूट मुरूम. तिघांनीही पाइप न्यायला होकार दिला, पण जमिनीखालून. वरून गेला तर नांगराला अडेल. म्हणजे चारशे फूट चर खणणं आलं. बेबीनंदानं झाडांची पानं चुरगाळून बघितली आणि म्हणाली, "वीस दिवस. त्याच्या फुडं एक बी झाड ऱ्हात न्हाई."

म्हणून राजानंद सरांनी अंबडहून एक जुनी सोंड आणली. सोंड म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं बसवायचा खोदकामाचा हात. कागदावर त्याला बॅकहो म्हणतात. पण विकणाऱ्या काकासाहेबांनी कागद दिलाच नाही, त्यामुळं आम्ही सोंड म्हणतो. काकासाहेबांकडचं प्रत्येक जुनं अवजार कुण्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं फक्त सणासुदीला वापरलेलं असतं. "सर, ऑइल बघा," ते म्हणाले, "बिलकुल मधावानी." ऑइल खरंच मधासारखं होतं. पहिल्या दिवशी सोंडेनं चाळीस फूट चर खणला आणि सरांनी संध्याकाळी गावाला पेढे वाटले. माझ्या मते चूक इथंच झाली. पेढा खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी काम बघायला येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोंडेला ऑइलच्या दाबानं हलवणारा पंप कण्हायला लागला. लिव्हर ओढला की सोंड एकदम वर न जाता उचक्या देत जायची, आणि दात मुरमाला टेकले की तिच्यातलं बळच जायचं. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, तर कालचा मध आज ताक होऊन फेसाळलेला.

इथून ही सोंड वर सांगितलेल्या सिद्धान्तानुसार गावाच्या ताब्यात गेली.

निदानाची आमच्याकडं एक ठरलेली कार्यपद्धती आहे. ती कोणी शिकवत नाही, तरी जिल्हाभर एकसारखी पाळली जाते, त्याबद्दल जिल्ह्याचं कौतुक व्हायला हवं. निदान करणाऱ्यानं न बोलावता यायचं असतं. (बोलावलेला येत नाही.) आल्यावर आधी ट्रॅक्टरच्या टायरला लाथ मारायची. टायरचा या प्रकरणाशी काही संबंध नसतो, पण सुरुवात कुठूनतरी करावी लागते. मग लिव्हर ओढून जिभेनं 'च्च' करायचं आणि विचारायचं, "कुणी मारलं हे तुमच्या गळ्यात?" नाव कळलं की खाली बसायचं, सोंडेकडं पाठ करायची आणि बिघाड सांगायचा. तोंड सोंडेकडं ठेवून सांगितलेलं निदान कच्चं समजतात.

राजानंद सर शिस्तीचे. त्यांनी शाळेतलं एक जुनं हजेरीपुस्तक आणून त्यात रकाने आखले: नाव, गाव, बिघाड, चहा. अकरा दिवसांत त्रेसष्ट तज्ज्ञांची नोंद झाली. त्यात सील (ऑइल गळू न देणारं रबरी कडं) गेलं म्हणणारे अडतीस, पंप गेला म्हणणारे अकरा, ऑइल भेसळीचं म्हणणारे सहा, व्हॉल्व्हवाले चार, नजर लागली म्हणणारे दोन आणि सोंडेचं तोंड दक्षिणेला आहे म्हणणारा एक. उरलेला एक जण बँकेत जायचं म्हणून निघाला होता. वाट चुकून आला आणि मुक्काम करून गेला. सरांनी निःपक्षपातीपणानं शेवटी एक रकाना 'माहीत नाही' असाही ठेवला होता. तो अकरा दिवस कोरा राहिला. पुढं कागद वाया जाऊ नये म्हणून त्यात बिनसाखरेचे चहा मांडायला लागले.

कोणी असं समजू नये, की नुसती बोलणीच झाली. कार्यवाहीही झाली. सिलं तीन वेळा बदलली. व्हॉल्व्हवाल्यांनी व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा आतली स्प्रिंग उडून गेली. ती शोधायला चौदा माणसं लागली आणि शेवटी ती अप्पारावांच्या खिशात सापडली. (खिशात कशी गेली, याची नोंद नाही. अप्पाराव माजी सरपंच आहेत.) दक्षिणवाल्याच्या समाधानासाठी ट्रॅक्टर उत्तरेला वळवला. त्या दिवशी उत्तरेकडून वारा सुटला आणि पंप जरा कमी कण्हल्यासारखा वाटला, त्यामुळं दक्षिणवाल्याला दुसऱ्या गावाहूनही बोलावणं आलं.

या काळात बेबीनंदानं दुसरं मशीन भाड्यानं बघायचे प्रयत्न केले. तीन मालकांना फोन लावले. तिघांनीही एकच उत्तर दिलं, आणि ते इतकं तर्कशुद्ध होतं की त्यात चूक काढता येत नाही: "ताई, तुमच्याकडं सोताची मशीन असताना आमची कशाला?" रोजंदारीची माणसं बघितली, तर ती म्हणाली, "मशीन दुरुस्त झाली म्हंजे आमी मधीच घरी. त्याच्यापेक्षा न आलेलं बरं." शेवटी तिनं टिकाव उचलला आणि स्वतः खणायला लागली. दिवसाला पाच फूट. सोंडेपाशी बसलेले तज्ज्ञ अधूनमधून उठून तिच्याकडं जायचे आणि टिकाव कसा धरावा ते सांगायचे.

"बाई, मनगटातून मारू नका, खांद्यातून मारा," अप्पाराव म्हणाले.

"तुम्ही मारून दाखवा की दादा."

"दाखवलं असतं," अप्पाराव म्हणाले, "पण मला तिकडं सीलाचं बघायचंय."

नवव्या दिवशी विशेष ग्रामसभा भरली. विषय क्रमांक एक: सोंडेचा बिघाड निश्चित करणे. सीलवाले विरुद्ध पंपवाले असा सरळ सामना झाला. मतदान हात वर करून. कोणीतरी सूचना मांडली, की ज्याच्या पोटात दुखतंय त्यालाच विचारावं. म्हणून सोंडेसमोर "सील?" असं मोठ्यानं म्हणून लिव्हर ओढला. सोंडेनं तीनदा उचकी दिली. सभेनं तो होकार धरला. पंपवाल्यांनी हरकत घेतली, म्हणून "पंप?" असंही विचारलं. सोंडेनं पुन्हा तीन उचक्या दिल्या. तेव्हा सोंड तटस्थ असल्याची नोंद झाली आणि बहुमतानं सील गेल्याचा ठराव मंजूर झाला. पंपवाले सभात्याग करून बाहेर गेले आणि चहा आल्यावर परत आले. ठरावाची एक प्रत सोंडेवर चिकटवली. त्यानंतरही ती चालली नाही.

बेबीनंदा सभेला आली होती. हातांना चिंध्या बांधलेल्या. तिला बोलायला एक मिनिट मिळालं.

"काय बिघडलंय ते मला नका सांगू," ती म्हणाली. "मला चर पायजेल. झाडांच्या पानांच्या पुंगळ्या झाल्यात. कुणी ती सोंड खाली वाकून बघितली का? वाकून?"

सभेला हे भाषण आवडलं. त्याला टाळ्या पडल्या.

इथवर आसराबाईच्या हॉटेलातल्या सहा जणांनी सगळं मान्य केलं. स्प्रिंग खिशात सापडली हे मान्य केलं, सोंड तटस्थ राहिली हे मान्य केलं, वारा उत्तरेचा होता हेही. एक जण तर म्हणाला, "आमच्याकडं बी अशीच ग्रामसभा झाल्ती, बोअरच्या मोटारीवर." मग मी शेवटाकडं आलो.

तेराव्या दिवशी (मी सांगितलं) अंबड रोडचा वसंता मिस्त्री आला. टायरला लाथ मारली नाही. कुणी विकलं विचारलं नाही. राजानंद सरांनी हजेरीपुस्तक उघडून पेन सरसावला आणि म्हणाले, "मिस्त्री, काय बिघाड लिहू?" वसंता म्हणाला, "मला माहीत न्हाई. बघावं लागंल."

आणि त्यानं बघितलं. पंप चालू ठेवला, बोटावर ग्रीस घेतलं आणि टाकीपासून पंपापर्यंत जिथं जिथं पाइपाचा जोड होता, तिथं तिथं ते थापत गेला. पहिल्या जोडाला पंप कण्हतच होता. दुसऱ्याला कण्हतच होता. तिसऱ्या जोडाला, टाकीतून ऑइल ओढणारा जाड पाइप पंपाला मिळतो तिथं, ग्रीस लागलं आणि कण्हणं बंद. पाइप आवळून धरणारी क्लिप सैल होती. पंप तिथून हवा ओढत होता आणि हवेचा फेस ऑइलात जात होता. बाकी ना सीलाला काही झालं होतं, ना पंपाला, ना दक्षिणेला. वसंतानं क्लिप आवळली. सोंड एका दमात वर गेली. दोन दिवसांत चर झाला, तिसऱ्या दिवशी पाणी आलं, झाडांच्या पुंगळ्या उलगडल्या, आणि यंदा बेबीनंदाची एकेक मोसंबी एवढी मोठी झाली की दोघांनी धरल्याशिवाय फाट्यावरनं गाडीत चढवता येईना.

सहाही जणांनी मोसंबी मान्य केली. एकानं तर हातानं आकारही दाखवला.

आसराबाईनं पातेलं खाली ठेवलं.

"खोटं हाय हे, आबा."

"मोसंबीचं थोडं वाढवलं असंल," मी म्हणालो.

"मोसंबीचं न्हाई म्हणून राह्यले मी. वसंता माझा सख्खा भाऊ हाय. त्यो जल्मात कधी 'मला माहीत न्हाई' म्हणला न्हाई. त्यो आल्ता, हे बराबर. टायरला लाथ मारली, 'सील' म्हणला, चहा पिला आन् गेला. त्या त्रेसष्टात त्यो बी हाय. सरानं मला पुस्तक दावलंय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् सतरा नंबरला तुम्ही हाव. सील. चहा दोन."

मी गाडी आली का ते बघायला लागलो.

"मंग क्लिप?" सहांपैकी एकानं विचारलं.

"क्लिप खरी हाय. जून लागल्यावर सरानं ती सोंड विकली. जालन्याहून एक जण घ्यायला आल्ता. ट्रॅक्टरखाली वाकला, खिशातलं रुपयाचं नाणं काढलं आन् त्या नाण्यानं क्लिपचा स्क्रू आवळला. तिथंच. बेबीनंदासमोर. मंग खाली-वर करून बघितली आन् घेऊन गेला. पोरीनं तवर टिकावानं नव्वद फूट खणल्तं."

"आन् झाडं?"

आसराबाईनं चुलीतलं एक लाकूड पुढं सारलं. हातभर, पिवळसर, कुऱ्हाडीनं सरळ फोडलेलं. मागं भिंतीला तसल्याच लाकडांची माझ्या उंचीची रास होती.

"हे काय," ती म्हणाली. "दोनशे दहा झाडं. चार महिने झाले, तुमा सगळ्यांचा चहा त्याच्यावरच होऊन राह्यलाय. आन् आबाला नका हसू. बराबर सांगा, त्यो पंप कण्हायला लागला म्हणलं तवाच तुम्ही बी मनात ठरवून टाकलं ना, काय बिघडलं असंल ते? एवढं ऐकलं, एक जण तरी म्हणला का, मला माहीत न्हाई?"