टाकीवरचा पोचा आणि चार पर्याय

लातूरचे बांगडीवाले निजामोद्दीन यांनी आपली मोटारसायकल सोमवारी सकाळी दहा वाजता सर्व्हिसिंगसाठी शोरूमच्या स्वाधीन केली. त्या वेळी गाडीला दोन आरसे, सरळ हँडल आणि गुळगुळीत टाकी होती. संध्याकाळी पाचला ती समोर आली तेव्हा आरसा एकच होता, हँडलचं तोंड औशाकडे होतं आणि टाकीला परातीएवढा पोचा पडला होता. ऑईल मात्र बदललेलं होतं, हे मान्य करायला हवं.

"सायेब, हे काय झालं?" निजामोद्दीन म्हणाले.

सर्व्हिस मॅनेजर भागवत साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "वॉशिंग लई झकास झालंय."

"मी पोच्याचं विचारायलो."

"वॉशिंग झालं म्हणून तर पोचा दिसला. आधी चिखलाखाली असणार."

आता बाहेर चौकशी करून आलेली निजामोद्दीनची लेक सुमय्या पुढं आली. अकरावीतली. क्लासच्या चाळणी परीक्षेत पहिली आल्यापासून ती कुणाच्या बापाला घाबरत नव्हती, स्वतःच्याही.

"काका, तुमचा मेकॅनिक आमच्या गाडीवर चहा आणायला गेला अन् तुमच्याच पाटीच्या खांबावर जाऊन आदळला. खांब वाकलाय. आमचा आरसा अजून तिथंच पडलाय!"

"ती ट्रायल होती, बेटा. ट्रायलमधी खांब येतोच."

भागवत साहेब साधेसुधे मॅनेजर नव्हते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांनी पाहणी पथकात भिंतींच्या भेगा मोजल्या होत्या आणि प्रत्येक भेग आधीचीच असते, या निष्कर्षाला ते पोचले होते. या अनुभवावरच त्यांना तक्रार विभाग मिळाला होता. त्यांनी टेप काढून पोच्याची लांबी, रुंदी, खोली घेतली. शेजारून दोन पंच मागवले. त्यातले पानवाले वीरण्णा म्हणाले, "पोचा जुना वाटायलाय." पोच्याशी त्यांची ओळख तीन मिनिटांची होती.

"उद्या निलंग्याचा बाजार हाय, सायेब," निजामोद्दीन काकुळतीला आले. "असल्या हँडलवर काचेच्या बांगड्या कशा न्याव्या? आठवडाभराचं पोट हाय त्यात."

"म्हणून तर फॉर्म हाय. भरा, लगेच निकाल."

क्लासचं गाव म्हटल्यावर शोरूमनंही काळाची पावलं ओळखली होती. फॉर्मवर चाळीस प्रश्न होते. पहिला असा: नुकसानीचे कारण काय? (अ) वाहनाची उपजत प्रवृत्ती (ब) मालकाचा स्वभाव (क) भूगर्भातील हालचाल (ड) वरील सर्व.

"बेटी, ह्यात खांब कुठं हाय?" निजामोद्दीननी विचारलं.

"अब्बा, मधी बोलू नका ना! टाइम चालू हाय!"

सुमय्याला सहा महिने एकच गोष्ट घोटून शिकवली होती: उत्तर चारांतच असतं, आणि 'वरील सर्व' दिसलं की विचार करत न बसता तेच काळं करायचं असतं. तिनं अकरा मिनिटांत चाळीसही गोल काळे केले, वर तीनदा तपासले.

भागवत साहेबांनी पेपर तपासला आणि ते खुर्चीतून उठलेच. "चाळीसपैकी चाळीस! आजवर एकाबी ग्राहकाला जमलं न्हाई. लोकं समासात खांबाचं चित्र काढतात अन् नापास होतात."

दोन्ही पंचांनी टाळ्या वाजवल्या. सुमय्या लाजली, मग मान ताठ करून हसली. हसू ओसरायच्या आत निकालाचं वाचन झालं: गाडी मूळचीच पडकी. मालक जबाबदार. जमीन सहआरोपी. सबब, वाकलेला खांब मालकानं आजच सरळ करून द्यावा.

बापलेकीनं तो सरळ करून दिला. सुमय्यानं बरोबर नव्वद अंश केला.

सकाळी दोघं बांगड्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन एसटी स्टँडकडे निघाले. वाटेतल्या ढकलाढकलीत एक पेटी आधीच फुटली होती. शोरूमसमोर गर्दी दिसली. खांबावर सुमय्याचा हसरा फोटो लागला होता, खाली अक्षरं: 'तक्रार निवारण चाचणीत लातूर विभागात प्रथम!'

लोकांनी तिला ओळखलं, घेरलं. "कोणता क्लास, बाळ?" "नोट्स मिळतील का?" पेट्या डोक्यावर का आहेत, हे कुणीच विचारलं नाही.

तुम्ही तरी कुठं विचारलंत? फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचताना तुम्हीही मनात एका पर्यायावर खूण केलीत. केलीत ना? मग खाली सही करा. शोरूमला तेवढीच लागते.