म्हशीचं समाधान

शिवाजी पेठेतला केरबा समाधानी माणूस होता, कारण समाधान मोडेल असं कुठलंच काम तो स्वतः करत नसे. म्हशीचं सगळं बायको, बाळाबाई, बघायची. संध्याकाळी ताजं दूध विकायच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून ती गिऱ्हाइकाच्या ग्लासातच धार काढायची आणि केरबा तालमीच्या पायरीवर गप्पा छाटायचा. सहा वर्षांनी ती चंदगडला भावाकडं निघाली, तेव्हा हा ऐटीत म्हणाला, "जा की! चार दिस ऱ्हा. धार काढाय काय अक्कल लागतीया व्हय?"

पहिल्याच संध्याकाळी म्हशीनं पान्हा चोरला. आठ माणसं रिकामे ग्लास घेऊन उभी, आणि शेजारचा म्हैसवाला त्यांना खुणावतोय. ही गिऱ्हाइकं तुटली, तर बाळाबाईला काय तोंड दाखवायचं?

"तिचं लुगडं गुंडाळ," जुनं गिऱ्हाईक गुंडूतात्या म्हणाले. "वासानं फसती."

केरबानं लुगडं गुंडाळलं, मिशीवरून पदर घेतला. म्हशीनं हुंगलं. थेंब नाही.

"आरं, धार काढताना ती तुज्या नावानं बोटं मोडती की! त्येची सवय हाय म्हशीला. बोल!" तात्यांनी सुचवलं.

केरबा म्हशीच्या पोटाशी वाकून पुटपुटला, "केरबा... आळशी हाय." म्हशीनं कान टवकारले. "जेवल्यालं ताट उचलत न्हाय." ग्लासात चुर्रकन धार पडली! "सासऱ्याच्या बाराव्याला जाऊन पत्तं कुटत बसला!" ग्लास फेसानं भरला.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. निम्मी माणसं नुसती ऐकायलाच आलेली. पण शिळ्या तक्रारीला म्हैस दाद देईना. चौथ्या दिवशी केरबाचे माहीत असलेले सगळे दोष संपले. गिऱ्हाइकं चुळबुळायला लागली. शेवटी जिवावर उदार होऊन तो ओरडला, "बाळाबाईच्या शालूला भोक उंदरानं न्हाय, ह्या केरबाच्या बिडीनं पाडलं!"

अशी धार लागली की बघत राहावं. पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. केरबानं मागं बघितलं, तर हातात पिशवी घेऊन बाळाबाई उभी.

तो धडपडत उठायला लागला. तिनं खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"उठू नगासा. म्हस पान्हवलीया."

तात्यांच्या हातातला भरलेला ग्लास घेऊन ती कट्ट्यावर टेकली. घोट घोट करत सगळा प्याली. इतकं समाधान तिच्या तोंडावर केरबानं कधी पाहिलं नव्हतं. पदरानं ओठ पुसून तिनं ग्लास त्याच्यापुढं धरला.

"आनी एक भरा," ती म्हणाली. "आनी जरा मोठ्यानं बोला."